फँटसीची हिरॉइन वैद्य आहे? मग लिहिताना या चुका टाळा

माझ्या कादंबरीचा सहावा चॅप्टर मी आईला वाचून दाखवला तेव्हा ती मेथी निवडत बसली होती. सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "अगं, पण त्याची पट्टी कधी बदलली?" आईची सगळी नोकरी म्युनिसिपल हॉस्पिटलात सिस्टर म्हणून गेली, सर्जिकल वॉर्डात. माझ्या वैद्य नायिकेने सेनापतीच्या मांडीतला बाण काढला होता, पाला वाटून बांधला होता, मंत्र म्हटला होता आणि पुढच्या पानावर सेनापती घोड्यावर. मधले दिवस मी खाऊनच टाकले होते.

त्यानंतर दादरला आम्ही लिहिणारे रविवारी भेटतो तिथे जेवढे ड्राफ्ट आले, ज्यात ज्यात वैद्य किंवा हीलर मुख्य पात्र होतं, त्या जवळजवळ सगळ्यांत मला हेच भोक दिसायला लागलं. बाकीच्या चुका पण बहुतेक इथूनच निघतात, म्हणून एकदा सगळं लिहून काढतेय.

हात ठेवला, जखम बंद

ही चूक झालीये हे ओळखायची खूण म्हणजे वाचणारा म्हणतो "छान आहे, पण पुढे भीतीच वाटत नाही". बरोबर आहे ना, कोणीही पडलं तरी ती येणार आणि उठवणार. आणि मग शेवटाकडे राजा मरायला हवा असतो कारण प्लॉटला ते लागतं, तेव्हा तिची शक्ती अचानक का चालत नाही याचं उत्तर लेखकाकडे नसतं.

यासाठी बाहेर कुठे शोधायची गरजच नाही, महाभारतातली कच-देवयानीची गोष्ट परत नीट वाचा. संजीवनी विद्या मेलेल्याला उठवते, म्हणजे याहून पॉवरफुल काही नाही. पण ती एकट्या शुक्राचार्यांकडे, म्हणजे असुरांच्या गुरूकडे आहे, म्हणून देवांकडचा कच शत्रूच्या घरी शिष्य होऊन राहतो. असुर त्याला मारतात, जाळतात आणि राख मद्यात कालवून गुरूलाच पाजतात. आता कचाला हाक मारली तर तो गुरूचं पोट फाडून बाहेर येणार, मग गुरू मरणार, म्हणून पोटातल्या कचाला आधी विद्या शिकवायची आणि त्याने बाहेर येऊन गुरूला उठवायचं. पुढे कचाने लग्नाला नकार दिला म्हणून गुरूची मुलगी देवयानी शाप देते की ही विद्या तुला फळणार नाही, त्यावर तो म्हणतो, मी ज्याला शिकवीन त्याला फळेल. विद्या एकच, पण ती कोणाकडे आहे, वापरली की कोणाचं काय जातं आणि ती हातातून कशी निसटते, हे तिन्ही त्यात आलं. तुमच्या मॅजिकची हीच तीन उत्तरं पहिल्या चॅप्टरच्या आधी वहीत लिहून ठेवा, मग राजा मरतो तेव्हा वाचक तुमच्यावर चिडणार नाही, रडेल.

दिवस खाऊ नका

हे सगळ्यात महत्त्वाचं आहे म्हणून जरा सविस्तर सांगते. १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या जंटलमन्स मॅगझीनमध्ये आपल्याकडच्या एका ऑपरेशनची हकीकत छापून आली होती. कावसजी नावाचा इंग्रजांच्या फौजेतला बैल हाकणारा, त्याला टिपूच्या लोकांनी पकडून नाक आणि एक हात कापला. वर्षभर तो तसाच राहिला आणि मग पुण्याजवळ विटा घडवणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवीन नाक बसवून दिलं. मुंबई इलाख्याच्या दोन डॉक्टरांनी हे ऑपरेशन होताना बघितलेलं होतं.

ते कसं करायचे ते बघा. आधी मेणाचं नाक घडवायचं, ते चपटं करून कपाळावर ठेवायचं, भोवती रेघ मारायची, तेवढी कातडी कपाळावरून सोडवायची पण दोन डोळ्यांच्या मधे एक चिंचोळी पट्टी जोडलेलीच ठेवायची आणि ती कातडी पिरगळून खाली नाकावर आणायची. जोड पक्का राहावा म्हणून पाण्यात भिजवून मऊ केलेला कात कापडाच्या पट्ट्यांना लावून त्या एकावर एक पाच-सहा बसवायच्या. कात म्हणजे आपण पानाला लावतो तोच. चार दिवस हात लावायचा नाही, मग त्या काढून तुपात भिजवलेलं कापड ठेवायचं. पहिले पाच-सहा दिवस उताणं झोपून राहायचं, दहाव्या दिवशी नाकपुड्या बुजू नयेत म्हणून मऊ कापडाचे बोळे घालायचे आणि साधारण पंचविसाव्या दिवशी डोळ्यांमधली ती जोडणारी पट्टी कापायची.

आता हे पंचवीस दिवस तुमच्या कादंबरीत किती काय काय करू शकतात याचा विचार करा. उताणा पडलेला माणूस छताकडे बघत काय काय बोलेल, नायिकेला रोज त्याच्याजवळ यावंच लागेल, चौथ्या दिवशी पट्ट्या काढताना कातडी जिवंत आहे की काळी पडलीये हे कळेपर्यंत दोघंही श्वास धरून असतील, आणि नेमकं अकराव्या दिवशी शत्रू वेशीवर आला तर त्याला हलवायचं की नाही? मंत्राने एका ओळीत नाक आलं असतं तर यातलं काहीच हाती लागलं नसतं.

मी काय करते तर जुनं कालनिर्णय घेते, त्यावर कादंबरीतला दिवस आणि जखमीचं नाव टाकते. मांडीचं हाड मोडलं की तीन-चार महिने तो चालणार नाही, तेवढी पानं पुढे जाऊन लिहून ठेवायचं "आता काठीवर". मॅजिक आहे म्हणून वेळ कमी करायचा असेल तर करा, पण शून्य करू नका. आणि जखमेचा तिसरा-चौथा दिवस कधीच गाळू नका, कारण चिघळायची असेल तर साधारण तेव्हा दिसायला लागतं. आई पट्टी सोडायच्या आधी थोडी खाली वाकून वास घ्यायची. पेशंटशी बोलत, हसत, त्याला कळणार पण नाही असं. वास आला की तिचं बोलणं तसंच चालू राहायचं पण हात मंद व्हायचे. मी शाळेतून डबा द्यायला जायचे तेव्हा दारातून हे बघितलंय आणि माझ्या नायिकेला ही सवय मी जशीच्या तशी दिली.

सात डोंगरांपलीकडची बुटी

एकच दुर्मीळ पान शोधायला अख्खा दुसरा भाग खर्च करणारे ड्राफ्ट खूप येतात. शोध असू दे, पण वैद्याचं रोजचं काम साध्या वस्तूंवर चालतं, मध, तूप, उकळलेलं पाणी, जुनी लुगडी फाडून केलेल्या पट्ट्या. किल्ल्याला वेढा पडला तर मध संपणार, मग कोणाच्या घरातून आणायचा, आणि तूप जखमेला की पोरांच्या ताटात? हे भांडण मला कुठल्याही बुटीपेक्षा जास्त खरं वाटतं.

याच्याच जोडीला ती शिकली कुठे ते दाखवा. "आजीने शिकवलं" एवढ्यावर सोडू नका. सुश्रुतसंहितेत शिष्याने हात कसा बसवायचा ते दिलंय, भोपळा, कलिंगड, काकडी यांवर कापायचं, पाणी भरलेल्या चामड्याच्या पिशवीला चीर द्यायची, कमळाच्या देठावर शीर टोचायची, जाड कापडावर टाके घालायचे आणि पुतळ्यावर पट्ट्या बांधायच्या. बारा वर्षांची पोरगी अंगणात शंभरावा भोपळा चिरतेय आणि आई ओरडतेय की आता भाजी तरी किती दिवस भोपळ्याचीच करू, झाला की नाही चॅप्टर तयार?

सगळे तिच्या पाया पडतात

ती दयाळू, शांत, आणि गावाला ती देवी. ड्राफ्ट सपक लागतोय असं वाटलं की आधी इथे बघा. आपल्या जुन्या कथांत देवांचे वैद्य अश्विनीकुमार, पण त्यांना यज्ञातल्या सोमरसाचा वाटा नव्हता, कारण ते माणसांत मिसळून औषधपाणी करत फिरायचे, च्यवन ऋषींनी पुढे तो मिळवून दिला. बरं करणाऱ्याकडून काम करून घ्यायचं आणि पंगतीला बसवायचं नाही, हे इतकं जुनं आहे.

साथ आली की तर विचारूच नका. मी परळला राहते, हाफकिन इन्स्टिट्यूटच्या गेटसमोरून रोज जाते. १८९६ ला मुंबईच्या मांडवीत प्लेग निघाला, लोक शहर सोडून पळाले आणि त्याच ऑक्टोबरात गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या हॉस्पिटलवर हल्ला केला. माणसं दुष्ट नव्हती, तिथे नेलेला परत येत नाही अशी भीती होती. १० जानेवारी १८९७ ला शास्त्रज्ञ हाफकिननी, ज्यांचं नाव त्या इन्स्टिट्यूटला आहे, प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. आणि त्याच मार्चमध्ये पुण्यात प्लेगच्या पेशंटची सेवा करताना सावित्रीबाई गेल्या. तुमच्या काळ्या सम्राटाने साथ पाठवली असेल तर पाठवू दे, पण नायिकेच्या दारावर दगड मारणारी माणसं गावातलीच असू देत, जिचं बाळंतपण तिने केलं ती बाई पण त्यात असू दे.

लढाई चुकीच्या जागेवरून

वैद्य मुख्य पात्र असताना लढाई आली की कॅमेरा पळत योद्ध्याकडे जातो. तिला तंबूतच ठेवा. तिला लढाई दिसत नाही पण जखमी येतात त्यांवरून कळते, सकाळी बाणांचे, दुपारी तलवारीचे, आणि मग पाठीवर वार झालेले यायला लागले की तिला समजतं, आपले पळतायत. दहा आले आणि हात दोनच आहेत तर पहिला कोण, हा प्रश्न तिच्यावर टाका, आणि मागे ठेवलेल्यांत एक तिचा ओळखीचा असू दे.

सगळ्यांना फक्त "वेदना" होतात

मराठीत लिहितोय तर हे खरंच मनावर घ्या. दुखण्याला आपल्याकडे केवढे शब्द आहेत, ठणका लागतो, कळ येते, चमक भरते, पोटऱ्यांत गोळे येतात, दाढेत सणक जाते, जखम चुरचुरते, हात भरून येतो. पेशंट कुठला शब्द वापरतो त्यावरून वैद्याला अर्धं कळतं, म्हणजे तुमच्या नायिकेचं कान देऊन ऐकणं हेच तिचं कौशल्य झालं आणि त्यासाठी एकही मंत्र लागला नाही. उलट त्या जगात "इन्फेक्शन" आणि "ऑक्सिजन" आले की वाचक धपकन बाहेर पडतो. आणि "हे भिषग्वर, व्रणशोधन कीजे" असं पण नको, जखम धुवा म्हणा.

सहावा चॅप्टर मी परत लिहिलाय, आता तो तीन चॅप्टर झालाय. सेनापती अजून झोपूनच आहे, ठणका उतरलाय पण ताप आहे, आणि आई रोज संध्याकाळी विचारते, आज कितवा दिवस त्याचा?