माटोळीखालची आरती: मिनीडीव्ही कॅसेटी कॉम्प्युटरवर कशा उतरवाव्यात

माझे काका बहरीनला होते. 2001 साली सुट्टीवर आले तेव्हा त्यांनी मिनीडीव्ही कॅमेरा, म्हणजे छोट्या डिजिटल कॅसेटवर चित्रीकरण करणारा, आणला, आणि पुढची काही वर्षं आमच्या फोंड्याच्या घरातलं सगळं त्यात साठत गेलं. चवथ (गणेशचतुर्थी), देवळाची जत्रा, जत्रेतलं गावकऱ्यांचं रात्रभराचं नाटक, आत्याच्या मुलीचं लग्न. एकूण सदतीस कॅसेटी. त्यातल्या दोन मी आधी एका दुकानात दिल्या होत्या. डीव्हीडी हातात आली तेव्हा आरतीचा आवाज चित्राच्या मागून येत होता आणि शेवटची दहा मिनिटं गायब होती. बाकीच्या पस्तीस आणि त्या दोन, सगळ्या मी घरीच उतरवल्या. तुम्हीही घरीच करा, हे काम जमण्यासारखं आहे.

आपल्याकडे पहिला शत्रू म्हणजे दमट हवा. हे काम पावसाळ्यात अजिबात काढू नका. मी डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ निवडला. कॅसेटच्या छोट्या खिडकीतून उजेडात बघा. रिळाच्या कडेवर पांढुरकी भुकटी किंवा जाळी दिसली तर ती बुरशी आहे. अशी कॅसेट कॅमेऱ्यात घालू नका. टेप वाचणारं हेड खराब होतं आणि तीच घाण पुढच्या कॅसेटला लागते. माझ्या तीन कॅसेटी अशा निघाल्या. त्या वेगळ्या डब्यात ठेवून, टेप साफ करणाऱ्या जाणकाराकडे शेवटी दिल्या. आणखी एक गोष्ट: एसीच्या खोलीतला कॅमेरा एकदम बाहेर आणला की आत दव धरतं. पडद्यावर तशी सूचना आली तर कॅसेट काढा, झाकण उघडं ठेवा आणि तासभर थांबा. घाई केली तर ओली टेप आतल्या फिरत्या ड्रमला चिकटते.

चांगल्या कॅसेटीही लगेच चालवायच्या नाहीत. आधी शेवटपर्यंत पुढे न्या, मग पूर्ण मागे आणा, म्हणजे वर्षानुवर्षं एका जागी पडलेल्या टेपचा ताण सारखा होतो. कॅसेटच्या कडेची छोटी खिटी ‘सेव्ह’कडे सरकवा. चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी काही पुसलं जाणार नाही.

आता केबल. बऱ्याच मिनीडीव्ही कॅमेऱ्यांना यूएसबीचं भोक असतं आणि सगळे तिथेच फसतात. त्यातून बहुतेकदा मेमरी कार्डावरचे फोटो येतात, किंवा फार तर वेबकॅमसारखं पुसट चित्र. टेपवरचं मूळ चित्र हवं असेल तर फायरवायर नावाची वेगळी केबल वापरा. सोनीच्या कॅमेऱ्यावर तिला आय-लिंक असं लिहिलेलं असतं. कॅमेऱ्याकडे चार पिनांचं छोटं टोक, कॉम्प्युटरकडे बहुतेक वेळा सहा पिनांचं. नव्या लॅपटॉपला हे सॉकेट नसतं, म्हणून मी भाच्याच्या जुन्या डेस्कटॉपमध्ये फायरवायर कार्ड बसवून घेतलं. मॅक वापरत असाल तर मॅकओएसची जुनी आवृत्ती असलेलाच घ्या, टाहो (26) या आवृत्तीत फायरवायरची सोय काढून टाकली आहे. दोन्ही यंत्रं बंद असताना केबल जोडा आणि कॅमेरा बॅटरीवर नको, ॲडाप्टरवर चालवा.

विंडोजवर मी विनडीव्ही हा छोटा, फुकट प्रोग्रॅम वापरला. कॅमेरा प्लेबॅकवर ठेवायचा, प्रोग्रॅममध्ये कॅप्चर दाबायचं, मग टेप चालू करायची. तासाच्या कॅसेटला तासच लागतो, आणि त्या तासाची फाईल साधारण 13 जीबीची होते. कॉम्प्युटर मध्येच झोपू नये म्हणून स्लीप बंद करा. मला सर्वांत आवडलेली गोष्ट अशी की डीव्ही टेपवर प्रत्येक चित्राबरोबर चित्रीकरणाची तारीख-वेळ नोंदलेली असते. विनडीव्ही ती फाईलच्या नावात घालतो आणि वेळेत खंड पडला की नवी फाईल सुरू करतो. लेबल नसलेली एक कॅसेट त्यामुळेच 2004 च्या सप्टेंबरमधली चवथ म्हणून ओळखता आली.

तुमच्याकडे हाय-8 सारखी जुनी ॲनालॉग कॅसेट असेल तर मात्र वाट वेगळी. पिवळी-पांढरी-लाल केबल, किंवा चित्रासाठी एस-व्हिडिओ, तिला चित्र कॉम्प्युटरमध्ये घेणारं यूएसबी कॅप्चर डोंगल आणि ओबीएस हा रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅम. पाल (भारतात चालणारी टीव्ही पद्धत) पद्धतीचा कॅमेरा असेल तर ओबीएसमध्ये कॅनव्हास 768 बाय 576, सेकंदाला फ्रेम 50, आणि सोर्सवर राईट क्लिक करून डीइंटरलेसिंगमध्ये ‘याडिफ 2एक्स’ निवडा. नाही तर हात हलले की चित्रात कंगव्यासारख्या रेघा दिसतात.

मूळ डीव्ही फाईल पुसू नका. नातेवाइकांना पाठवण्यासाठी हँडब्रेक या प्रोग्रॅममधून वेगळी, लहान एमपी4 काढा. मूळ फायली दोन हार्ड डिस्कांवर ठेवा, एक आपल्या घरी, एक दुसऱ्या घरी. माझी दुसरी म्हापशाला बहिणीकडे आहे. डिस्क फॅट32 या जुन्या फॉरमॅटची असेल तर अर्ध्या तासाची सलग आरती तिच्यावर मावणार नाही, कारण 4 जीबीहून मोठी फाईल ती घेत नाही. ती एक्सफॅट या फॉरमॅटची करून घ्या.

टेप चालू असताना तुम्हाला तसंही बसावंच लागतं, तर एकटे बसू नका. मी काकीला शेजारी खुर्ची दिली आणि हातात वही घेतली. 2004 च्या त्या कॅसेटमध्ये कॅमेरा वर माटोळीवर, म्हणजे गणपतीच्या वर फळं बांधलेल्या चौकटीवर, जातो, ओल्या सुपारीचे घड, तोरिंगं, नारळ, आणि खालून घुमट हे मातीचं तालवाद्य वाजत असतं. वाजवणाऱ्याचे फक्त हात दिसतात. मला ते कोणाचे ते कळेना. काकी पडद्याजवळ वाकली आणि म्हणाली, ‘‘अगं, हे तुझ्या आजोबांचे हात. करंगळी बघ, वाकडी.’’ मी वहीत लिहिलं: कॅसेट 14, बारावं मिनिट, घुमटावर आजोबा.