कॅमेऱ्याची सॅक शेवटी चेनवाल्याकडूनच करून घेतली

मागच्या पावसाळ्यात हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याला ढग फाटले आणि मी बसलोय सॅक उपसत, आधी जर्किन काढ, डबा काढ, मग कॅमेरा, तोवर परत सगळं पांढरंफट्ट. शिवाय त्या तयार कॅमेरा बॅगचा कमरेचा पट्टा नुसता शोभेचा, सगळं वजन खांद्यावर.

मग घरातली जुनी ४० लिटरची ट्रेकिंग सॅक काढली, तिचा पट्टा चांगला जाड आहे. चेनवाल्याकडे नेली, डाव्या बाजूला उभी चेन लावून द्या म्हटलं, तर तो म्हणे दादा इथं कापलं तर गॅरंटी नाही. लावली पण. आता उजव्या खांद्याचा पट्टा काढायचा, सॅक पुढे फिरवायची की कॅमेरा हातात, खाली चिखलात ठेवायची गरजच नाही. चेनवर ताण येतो म्हणून वरून एक बकलवाली पट्टी पण मारून घेतली, ती विसरू नका.

आतला खोका १० मिमीच्या योगा मॅटचा, कप्प्यांना वेलक्रो. पहिला खोका वाया गेला कारण मी लेन्स न लावताच माप घेतलं होतं (हसू नका). जड लेन्स पाठीला चिकटून, हलकं सामान बाहेरच्या बाजूला, नाहीतर सॅक मागे ओढते.

रेन कव्हर असलं तरी पाठीवरून पाणी आत झिरपतंच, म्हणून खोका जाड प्लास्टिकच्या पिशवीत. आणि घरी आल्यावर सगळं लगेच बाहेर काढून सुकवायचं, माझ्या एका लेन्सला बुरशी अशीच ओल्या बॅगेत लागली.