परड्यातली पावसापाण्याची वही: या चुका टाळा

मागच्या दिवाळीत माळा आवरताना माझी २०१६ ची वही हाताला लागली. करवीर तालुक्यातल्या आमच्या गावात घरामागं दहा-बारा गुंठ्याचं परडं आहे, चार आंबे, फणस, शेवगा, जांभूळ, एक बहावा आणि कडंनं भाजीपाला, त्या परड्यातलं पाऊसपाणी लिहायला त्याच वर्षी सुरुवात केली होती. उघडून बघितली तर जूनच्या पानावर "आज लई पाऊस", दुसऱ्या दिवशी "परत लई पाऊस". जानेवारीत "आंब्याला मोहोर आला". आता कुठल्या आंब्याला? आणि मोहोर आला म्हणजे पहिला तुरा दिसला का झाड भरलं? काहीच कळत नाही. ते अख्खं वर्ष हातातनं गेलं याचं खरंच वाईट वाटतं, म्हणून जे आता सुरुवात करणार आहेत त्यांच्यासाठी हे लिहितोय.

पहिली चूक पर्जन्यमापकाची, म्हणजे पाऊस मोजायच्या बाटलीची जागा, आणि यावर जरा सविस्तर बोलतो कारण बहुतेकांचं इथंच गंडतं. मी पहिल्यांदा बाटली ठेवली होती पपईच्या झाडापासनं तीन हातावर, भिंतीच्या कडेला, म्हटलं वाऱ्यानं पडायला नको. पाऊस थांबून तास झाला तरी पपईच्या पानांवरनं टपटप चालूच, ते पाणी बाटलीत. आणि पश्चिमेचा वारा असला की पाऊस तिरका येतो, तेव्हा भिंत निम्मा पाऊस अडवायची. म्हणजे एक दिवस जास्त आणि एक दिवस कमी. साधा नियम असा की भिंत किंवा झाड जेवढं उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर मापक पाहिजे. खाली फरशी किंवा कोबा नको, थेंब उसळून आत जातात, गवत किंवा माती चालते. पत्र्यावर, स्लॅबवर तर अजिबात नको.

बाटली घरीच करणार असाल तर बुड बघा. कोल्ड्रिंकच्या दोन लिटरच्या बाटलीचं बुड खळग्याखळग्याचं असतं, पट्टी लावून मोजलं की खालचे आकडे सगळे खोटे. आत बारीक खडे टाकून सरळ भागापर्यंत पाणी भरा आणि तिथं शून्याची रेघ मारा. ती रेघ रोज बघायची बरं का, उन्हानं पाणी आटलं की शून्यच खाली जातो. वरचं तोंड बाटलीएवढंच रुंद असेल तर पट्टीचा आकडा थेट मिलिमीटर. मोठं नरसाळं लावलं तर मात्र हिशेब बदलतो. २० सेंटिमीटर व्यासाच्या नरसाळ्याला १ मिलिमीटर पाऊस म्हणजे साधारण ३१ मिलिलिटर पाणी, म्हणजे ३१४ मिलिलिटर जमलं तर १० मिलिमीटर. अशावेळी शून्याची रेघबिघ काही नको, बाटली कोरडी ठेवायची आणि जमलेलं पाणी औषधाच्या मापानं मोजायचं. नरसाळ्यात कोळ्याचं जाळं, शेवग्याची पानं अडकतात ती रोज काढायची.

वेळ. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा धरतात, आणि आकडा मोजलेल्या दिवसाच्या तारखेवर लिहितात. तुम्ही कधी सकाळी सातला, कधी संध्याकाळी दूध घालून आल्यावर बघत असाल तर रात्रीचा पाऊस कधी आजच्या खात्यात तर कधी उद्याच्या. साडेआठ जमत नसेल तर सात धरा, पण रोज सातच. जुलैत बाटली भरून वाहील असं वाटलं तर मध्येच मोजून ओतून टाका आणि दोन्ही आकडे लिहा. खात्याच्या भाषेत २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासनं पुढं जोरदार पाऊस, आणि २.५ किंवा त्याहून जास्त झाला तरच तो पावसाचा दिवस. "लई पाऊस" लिहिण्यापेक्षा हे बरं.

आता सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक, कोरी जागा. पाऊस नाही म्हणून काही लिहिलंच नाही. सहा महिन्यांनी बघताना कळत नाही की त्या दिवशी पाऊस नव्हता का आपण बघितलंच नव्हतं. पाऊस नसेल तर ठळक ० लिहा, बघायचं राहिलं तर "बघितलं नाही" असं लिहा. चुलतभावाच्या लग्नाला तीन दिवस गेलो होतो, आल्यावर बाटलीत ४२ मिलिमीटर. ते मी १४-१४-१४ असं वाटून टाकलं, चूक होती ती. तीन दिवस मिळून ४२ एवढंच लिहायचं.

मोबाईलवरचा आकडा वहीत उतरवू नका. कोल्हापूर जिल्ह्यात पाऊस किती बदलतो हे आपल्याला नव्यानं सांगायला नको, गगनबावडा शहरापासनं सुमारे ५५ किलोमीटर, तिकडं धो धो आणि शिरोळकडं जमीन नुसती ओली. वळीव तर एका शिवारात पडतो आणि बांधापलीकडं धूळ उडत असते. नदीचंही तसंच. आमच्याकडं दोन दिवस उघडीप, ऊन पडलंय आणि तरी पंचगंगा राजाराम बंधाऱ्याला ३९ फुटाची इशारा पातळी ओलांडून ४३ च्या धोका पातळीकडं निघालेली, कारण पाणी वरनं आलेलं असतं. २०१९ आणि २०२१ चा महापूर बघितलेल्यांना हे पाठ आहे. म्हणून नदीची पातळी वेगळ्या रकान्यात लिहा, परड्यातल्या पावसात मिसळू नका.

थर्मामीटर उन्हातल्या भिंतीला किंवा पत्र्याखाली टांगू नका, तो भिंतीची नाहीतर पत्र्याची उष्णता सांगतो. उत्तरेकडची सावली, जमिनीपासनं चार फूट, हवा खेळती. गोठ्याजवळ नको. कमाल-किमान वाला असेल तर वाचून झाल्यावर खुणा पाऱ्याला टेकवायला विसरू नका, नाहीतर परवाचाच आकडा आज परत लिहाल.

झाडांच्या नोंदीत माझी मोठी चूक सणाच्या हिशेबाची. "पाडव्याला बहावा फुलला" असं लिहून ठेवलेलं. आता २०२३ ला पाडवा २२ मार्चला होता, २०२४ ला ९ एप्रिलला. अठरा दिवसांचा फरक, बहावा लवकर फुलला का पाडवाच उशिरा आला, कसं कळणार? नक्षत्रांचं तसं नाही, ती सूर्यावर चालतात त्यामुळं मृग दरवर्षी ७-८ जूनलाच निघतो, ते तारखेसोबत जरूर लिहा. पण पंचांगात नक्षत्राचं वाहन बेडूक आहे म्हणून "भरपूर पाऊस" असं आधीच लिहून ठेवू नका, तो अंदाज आहे, आपण बघितलेलं नाही.

ठरलेलं एकच झाड बघा. आमच्या चार आंब्यांना मी आता नंबर दिलेत, पत्र्याचा तुकडा दोरीनं सैल बांधून. दर रविवारी प्रत्येकाला तीन गोष्टी, मोहोर, फळ, कोवळी पालवी, आणि त्यापुढं नाही, थोडं, भरपूर यातलं एक. सीझनवॉच नावाचा देशभरातला उपक्रम आहे, तिथं लोक आठवड्याला असंच लिहितात, मला ती पद्धत फार सोपी वाटली. सोबत पाणी कधी दिलं, छाटणी केली का, तेही लिहा. शेजारच्या बागेत कल्टार (मोहोर आणायचं औषध) घातलेल्या आंब्याला लवकर मोहोर येतो, ते झाड थंडीबद्दल काही सांगत नाही.

पाखरांचं ऐकीव लिहू नका. आज्जी म्हणाली, "पावशा वरडाय लागला की रं." कधीपासनं विचारलं तर, "झाले की आठ-पंधरा दिस." मग मी "आज्जीनं ऐकला, नक्की दिवस नाही" असंच लिहिलं. आणि मला स्वतःला पहिल्यांदा ऐकू आला ती तारीख वेगळी. पावशा पावसाच्या कितीतरी आधीपासनं ओरडतो, त्यामुळं त्याला पावसाची सुरुवात धरू नका. मृगाचा किडा मात्र मी मन लावून शोधतो. पहिला चांगला पाऊस झाला की वांग्याच्या सरीत सकाळी खाली बसून बघायचं, ओल्या काळ्या मातीवर मखमलीचा लाल ठिपका हळूहळू चालत असतो, हात लावला की पाय आत घेऊन गप्प. तो दिसला त्या दिवशीची तारीख आणि तोवर एकूण किती मिलिमीटर झाला, दोन्ही लिहायचं.

वही शिसपेन्सिलीनं लिहा, जेल पेन पावसात पसरतं. फोटो काढत असाल तर व्हॉट्सॲपवरनं आलेला फोटो साठवून ठेवू नका, त्यात मूळ तारीख राहत नाही.

आणि पहिल्या पानावर मापक कुठं आहे, भिंत किती फुटांवर, झाडांचे नंबर, असा हातानं काढलेला नकाशा ठेवा. आम्ही मागच्या बाजूला खोली वाढवली तेव्हा मापक विहिरीकडं हलवला, आणि दोन महिने दोन्ही जागी बाटल्या ठेवून आकडे शेजारी-शेजारी लिहिले. खोलीजवळच्या बाटलीत पाणी कायम कमी भरायचं, म्हणून हलवल्याची तारीख लाल पेन्सिलनं टाकलीय.