पीटीच्या तासाला तारपा: आरोग्य आणि शारीरिक शिक्षणात आदिवासी दृष्टी कशी आणावी

9 ऑगस्ट, म्हणजे जागतिक आदिवासी दिन, आला की डोक्याला पिसं, कमरेला पानं आणि गालावर पांढरे पट्टे काढून मुलांना स्टेजवर उभं केलं जातं. हे करू नका. बहुतेक वेळा हा वेश सिनेमातून आलेला असतो. वर्गात एखादं वारली किंवा कातकरी पोर बसलेलं असेल, तर त्याला ते आपलं वाटत नाही, उलट लाज वाटते.

आधी नाव नक्की करा. महाराष्ट्रात चाळीसहून अधिक अनुसूचित जमाती आहेत. पालघरचे वारली, रायगडचे कातकरी, यवतमाळचे कोलाम आणि भामरागडचे माडिया यांचं नाचणं, खाणं, बोली सगळं वेगळं आहे. म्हणून पाठ टाचणात 'आदिवासी नृत्य' असं मोघम न लिहिता 'वारली समाजाचा तारपा नाच' असं लिहा, आणि शिकवणाऱ्या माणसाचं गावही लिहा.

तो माणूस शोधणं हे निम्मं काम आहे. आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत कुणाला वेळ नसतो. दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या कामाला गेलेली असतात. तारीख त्यांना विचारून ठरवा. त्यांची दिवसाची मजुरी बुडते, तेव्हा मानधन त्याच दिवशी हातात द्या. शाल-श्रीफळावर भागवू नका. कोणता नाच कोणत्या हंगामात चालतो आणि काय शाळेत करायचं नाही, हेही आधीच विचारा.

आता प्रत्यक्ष तास. तारपा म्हणजे वाळलेला दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाचं पान यांचं फुंकवाद्य. वाजवणारा मध्ये असतो आणि साखळी त्याच्याभोवती फिरते. सूर बदलला की पाऊल बदलतं. शिट्टी नाही, 'एक-दोन' नाही. पीटी शिक्षकाला हेच सर्वांत जड जातं, पण या तासाचा गाभा तोच आहे: आज्ञेवर नाही, ऐकून हलायचं. रेकॉर्डिंग सरावापुरतं ठीक. मात्र वाजवणारा मुलांचे पाय बघून लय ओढतो किंवा सोडतो, ते रेकॉर्डिंगला जमत नाही.

एका साखळीत 10 ते 12 मुलं घ्या. हात शेजाऱ्याच्या कमरेमागून. संकोच वाटत असेल तर नुसते हातात हात. पहिली 5 मिनिटं जागेवरच पाऊल आपटायचं, पुढची 5 मिनिटं संथ चाल, मग 10 मिनिटं नाच. थांबल्याबरोबर मनगटावर नाडी धरून 15 सेकंदांचे ठोके मोजायचे आणि त्याला 4 ने गुणायचं. आरोग्याचा धडा इथेच सुरू होतो.

बिघडतं ते शेपटाकडे. साखळी वळते तेव्हा टोकाच्या मुलाला सर्वांत जास्त अंतर कापावं लागतं. ते फरफटतं आणि साखळी तुटते. दणकट मुलं टोकाला ठेवा, लहान मुलं मधे. सिमेंटवर अनवाणी पाय आपटल्याने टाचा आणि नडग्या दुखतात, म्हणून मातीचं मैदान बघा आणि खडे वेचून घ्या.

आहाराचा पाठ तक्त्यावरून शिकवण्याऐवजी ताटावरून शिकवा. 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तर पॉलिश केलेल्या तांदळात जेमतेम 10 च्या आसपास. पहिल्या पावसात येणारी शेवळं ही रानभाजी घ्या. नीट शिजवलं नाही तर घसा खाजतो, कारण त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. म्हणून बायका ते काकड या रानझाडाच्या आंबट फळांबरोबर शिजवतात. हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या पारखलेलं आहे. 'आदिवासींना आहार कळत नाही' हे वाक्य पाठातून काढून टाका. मात्र मुलांना रानातून स्वतः भाजी खुडून आणायला सांगू नका. एकसारख्या दिसणाऱ्या विषारी वनस्पती असतात. ओळख पटवायला जाणकार बाई बरोबर हवीच.

सिकलसेल या रक्ताच्या आजाराबद्दल प्रत्येक शिक्षकाला माहिती हवी. हा आजार जनुकांतून येतो, संसर्गाने पसरत नाही, आणि अनेक आदिवासी समाजांत त्याचं प्रमाण जास्त आहे. उन्हात, पाणी न पिता, दमेपर्यंत पळवलं तर आजार असलेल्या मुलाला तीव्र वेदना सुरू होऊ शकतात. सगळ्या वर्गाला दर 15-20 मिनिटांनी पाणी आणि सावली द्या, म्हणजे कुणी वेगळं पडत नाही. सांधे किंवा छाती दुखते, धाप लागते असं मूल म्हणालं तर 'नाटक करतोस' म्हणू नका. खेळ थांबवा, दवाखान्यात न्या. कुणाला आजार आहे हे वर्गात कधीही जाहीर करू नका.

वर्गातल्या आदिवासी मुलाला 'तुझ्यात कसं करतात, सांग' असं सगळ्यांसमोर विचारू नका. त्याला सांगावंसं वाटलं तर ते सांगेल. उदाहरणं द्यायचीच तर नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या आदिवासी धावपटू कविता राऊतचं द्या: 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटर धावण्यात कांस्यपदक.

गुण देताना नाच किती सुबक झाला ते पाहू नका. सूर बदलल्यावर मुलाचं पाऊल किती लवकर बदललं ते पाहा. व्हिडिओ काढायचा असेल तर तारपा वाजवणाऱ्याला तो कुठे जाणार हे सांगून आधी विचारा, आणि त्याने नको म्हटलं तर कॅमेरा पिशवीतच ठेवा.