अ‍ॅडसेन्सचे पैसे भलत्याच्याच खात्यात जातायत का, असं तपासा

वर्डप्रेस साइटवर वाचक तेवढेच आहेत, गुगल अ‍ॅडसेन्सच्या जाहिराती पण दिसतायत, तरी कमाई अचानक खाली आली तर "मार्केट डाऊन असेल" म्हणून सोडून देऊ नका. जाहिरातीच्या कोडमध्ये ज्याचा पब्लिशर आयडी (म्हणजे अ‍ॅडसेन्स खात्याचा नंबर), पैसे त्याला. चोराला तुमच्या खात्यात घुसायचीही गरज नाही, पानावरचा तो नंबर बदलला की झालं.

आधी इनकॉग्निटो विंडोत, लॉगिन न करता, साइट उघडा, एफ १२ दाबा आणि एलिमेंट्समध्ये "सीए-पब" शोधा (अर्थात इंग्रजी अक्षरांत). पुढचे १६ आकडे तुमच्या अ‍ॅडसेन्समधल्या आयडीशी एकेक करून जुळवा. नुसत्या होमपेजवर थांबू नका, जुने लेख बघा, मोबाईल व्ह्यू लावून बघा, आणि मुख्य म्हणजे गुगल सर्चमधून क्लिक करून येऊन बघा, कारण असले कोड बरेचदा लॉगिन केलेल्या अ‍ॅडमिनला ओळखून गप्प बसतात आणि दुसरा आयडी फक्त बाहेरून आलेल्या वाचकाला दाखवतात, मालकाला पत्ताच लागत नाही. परका आयडी दिसला तर पुसायच्या आधी स्क्रीनशॉट काढा, गुगलकडे तक्रार करताना तोच कामाला येतो.

आता अ‍ॅड्स डॉट टीएक्सटी. तुमच्या साइटवरच्या जाहिरातीच्या जागा विकायची परवानगी कुणाला आहे त्याची ही यादी, डोमेनच्या मुळाशी ठेवायची. ऑनलाइन जाहिरातींचे नियम ठरवणाऱ्या आयएबी टेक लॅबने ती २०१७ मध्ये आणली, दुसऱ्याच्या साइटचं नाव वापरून जाहिराती विकणाऱ्यांना आळा घालायला. त्याआधी मेथबॉट टोळीने डॅलस आणि इतर ठिकाणचे १,९०० हून जास्त सर्व्हर भाड्याने घेऊन ५,००० हून जास्त साइट्सची नावं वापरली होती, खोटी पानं, खोटे प्रेक्षक, आणि जाहिरातदारांचे ७० लाख डॉलरच्या वर पैसे गेले. फाइल उघडून प्रत्येक ओळ वाचा, अनोळखी ओळ दिसली तर काढा. चोर हुशार असेल तर स्वतःचा आयडी इथेही घालून ठेवतो, त्यामुळे ही फाइल एकदा टाकून विसरायची नाही.

कोड लपतो कुठे? थीमची फंक्शन्स फाइल, हेडर-फूटर कोडचं प्लगिन, आणि एमयू-प्लगिन्स फोल्डर, जो नेहमीच्या प्लगिन यादीत दिसत नाही म्हणून तिथे नक्की डोकवा. फुकटात मिळालेली क्रॅक थीम वापरत असाल तर प्लीज ती साफ करत बसू नका, सरळ उडवा आणि मूळ ठिकाणाहून नवी घ्या. अनोळखी अ‍ॅडमिन युजर पण काढा. मग होस्टिंग, एफटीपी, डेटाबेस सगळ्यांचे पासवर्ड बदला, कॉन्फिग फाइलमधल्या सिक्युरिटी कीज बदला म्हणजे आत बसलेला जो कोणी असेल तो लॉगआउट होईल, आणि डॅशबोर्डमधून फाइल एडिट करायची सोय बंदच ठेवा.

गुगल खात्याला टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावा. अ‍ॅडसेन्सला कुणाकुणाला अ‍ॅक्सेस आहे आणि पेमेंटमध्ये बँक खातं तुमचंच आहे ना, तेही बघून घ्या. टॅग मॅनेजर (साइटवर बाहेरचे कोड टाकायचं गुगलचं साधन) वापरत असाल तर पब्लिश करायचा हक्क एका-दोघांनाच द्या, जुन्या डेव्हलपरचं नाव अजून तिथे असतंच असतं.

सगळं झालं की कॅश प्लगिन आणि सीडीएन (साइटच्या प्रती ठिकठिकाणच्या सर्व्हरवर ठेवणारी सेवा) दोन्हीकडचा कॅश, म्हणजे साठवलेल्या प्रती, रिकामा करा, नाहीतर जुन्या साठवलेल्या पानांवर चोराचाच आयडी चालू राहतो. मग परत इनकॉग्निटोत जाऊन आकडे जुळवा.