इंजिनच्या झाकणात तोंड दिसेपर्यंत

समुद्राचा खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस. गोव्यात उघड्यावर ठेवलेल्या मोटारसायकलचं ॲल्युमिनियम पांढरं पडायला आणखी काय लागतं? माझ्या गाडीच्या क्लच कव्हरवर, म्हणजे इंजिनच्या बाजूच्या झाकणावर तर बुरशीसारखे ठिपके आले होते.

पहिल्या रविवारी नुसतं पॉलिश चोळलं. दोन तास हात दुखवून घेतले, चमक शून्य. मग कळलं, वर कंपनीचा पारदर्शक लॅकर, म्हणजे वार्निशसारखा थर, शाबूत होता, मी त्यालाच घासत बसलो होतो! म्हापशाच्या बाजारातून पेंट रिमूव्हर आणला, हातमोजे घालून अंगणात लावला. लॅकर सापाच्या कातीसारखा सुटला.

पुढे पाण्यात भिजवलेला पॉलिश पेपर: ४००, ६००, १०००, शेवटी २००० नंबर. नंबर मोठा तितका कागद बारीक. खरं काम इथेच आहे. प्रत्येक नंबरला घासायची दिशा आडवी-उभी बदलायची. आधीचे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढे जायचं नाही. मी ६००ला घाई केली आणि शेवटी आरशासारख्या चमकीत रेघा दिसल्या. परत मागे.

मग ड्रिलला कापडी बफ, म्हणजे घासायची गोल चकती लावली, तिला पॉलिशची वडी चोळली आणि झाकण घासलं. कापड काळं होतं, घाबरू नका, धातूच निघतोय. उरलेला मेणचटपणा मैदा चोळून पुसला. आई म्हणाली, "पोळ्यांना ठेव रे थोडा!"

आता महिन्याला मेण लावतो. कॉस्टिक सोड्याचं पाणी मात्र लावू नका, ॲल्युमिनियम खाऊन टाकतं.