बचावपटू म्हणून व्यावसायिक फुटबॉलमध्ये कारकीर्द कशी घडवावी

बचावपटूची कारकीर्द उशिरा पिकते आणि उशिरापर्यंत टिकते. या पेशात येऊ पाहणाऱ्या खेळाडूने आपले बहुतेक निर्णय ही एक गोष्ट ध्यानात ठेवून घ्यावेत, असे माझे मत आहे. पाओलो माल्दिनी १९८५मध्ये वयाच्या सोळाव्या वर्षी मिलानच्या मुख्य संघातून खेळला, हे खरे असले तरी तो अपवाद आहे. व्हर्जिल व्हॅन डाइक लिव्हरपूलमध्ये दाखल झाला तो जानेवारी २०१८मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, आणि तोवर ग्रोनिंगेन, सेल्टिक व साउदॅम्प्टन या तीन क्लबांकडून त्याने आपली उमेदवारी केलेली होती. थियागो सिल्वाने २०२१मध्ये चेल्सीकडून चॅम्पियन्स लीग जिंकली तेव्हा तो छत्तीस वर्षांचा होता, आणि पोर्तुगालचा पेपे २०२४च्या युरो स्पर्धेत वयाची एकेचाळीस वर्षे पूर्ण झाल्यावर खेळला. असे घडते, कारण धोका कोठून येणार हे इतरांच्या आधी ओळखणारी नजर कोणत्याही व्यायामाने येत नाही, ती सामने खेळूनच येते. त्यामुळे अठरा ते तेवीस या वयात जास्तीत जास्त सामने पदरात पाडून घेणे हे पहिले उद्दिष्ट ठेवावे. क्लबचे नाव आणि पगाराचा आकडा हे दोन्ही विचार त्यानंतरचे आहेत.

जागा कोणती निवडावी

सेंटर बॅक (बचावफळीच्या मध्यभागी खेळणारा) व्हायचे की फुल बॅक (तिच्या कडेला खेळणारा), हा प्रश्न पंधरा-सोळाव्या वर्षी कायमचा सोडवण्याची गरज नाही. उंच मुलाला मध्यभागी आणि चपळ मुलाला कडेला उभे करण्याची प्रशिक्षकांची सवय समजण्यासारखी आहे, पण शरीराची वाढ पूर्ण होण्याआधी घेतलेला हा निर्णय बरेचदा चुकतो. फाबिओ कान्नाव्हारो जेमतेम १.७६ मीटर उंचीचा होता, तरीही इटलीच्या बचावाच्या मध्यभागी खेळून त्याने कर्णधार म्हणून २००६चा विश्वचषक उंचावला आणि त्याच वर्षी बॅलन डी'ओर हा वर्षातील सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार मिळवला. जर्मनीचा फिलिप लाम १.७० मीटर उंचीचा होता आणि तो डाव्या व उजव्या अशा दोन्ही कडांना सारख्याच सफाईने खेळला. हाविएर मास्चेरानो तर लिव्हरपूलमध्ये मधल्या फळीत खेळणारा. बार्सिलोनात गेल्यावर त्याला सेंटर बॅक करण्यात आले आणि पुढची अनेक वर्षे त्याने ती जागा सांभाळली. उंची कमी असेल तर उडी घेण्याची वेळ आणि प्रतिस्पर्ध्याला चेंडूखाली नीट उभे राहू न देण्याचे कसब या दोन गोष्टींवर मेहनत घ्यावी लागते, एवढाच त्याचा अर्थ.

पायाचा विचार मात्र लवकर करावा. डाव्या पायाचे सेंटर बॅक कमी असल्यामुळे त्यांना मागणी असते, आणि ज्याचा दुसरा पायही विश्वासार्ह आहे असा उजव्या पायाचा खेळाडू संघात दोन जागांसाठी दावेदार ठरतो. माल्दिनी मुळात उजव्या पायाचा होता, पण त्याचे नाव झाले ते डाव्या बाजूचा बचावपटू म्हणून.

मैदानावरचे काम

समोरासमोरच्या झुंजीतील शरीराची ठेवण हा या कामाचा पाया आहे. विंगर (कडेने आक्रमण करणारा खेळाडू) चेंडू घेऊन अंगावर येत असताना त्याच्यासमोर छाती सरळ ठेवून उभे राहू नये. एक पाय पुढे, एक मागे, गुडघे वाकलेले आणि अंग तिरके ठेवावे, म्हणजे मागे वळण्यात अर्धा क्षणही वाया जात नाही. पहिले काही मीटर वेगाने धावून अंतर कमी करावे आणि शेवटच्या दोन-तीन मीटरांत पावले आखूड करून वेग मोडावा. येथे वेग न मोडणारा बचावपटू एका साध्या हुलकावणीत मागे पडतो. डोळे त्याच्या खांद्यांवर किंवा पायांवर खिळवण्याऐवजी चेंडूवर ठेवावेत आणि आपल्या उभे राहण्याच्या कोनातून त्याला कमजोर पायाकडे अथवा कडेच्या रेषेकडे ढकलावे. पाय टाकायचा तो त्याच्याकडून चेंडू थोडासा लांब गेला त्या क्षणी. तसा क्षण आलाच नाही तर टॅकल (पाय घालून चेंडू हिसकावणे) न करता नुसते थोपवून धरणे हेही पूर्ण यशच आहे, कारण तेवढ्या वेळात सहकारी परत येऊन पोहोचतात. तरुण खेळाडूंना घसरून केलेल्या टॅकलचे फार आकर्षण असते. प्रेक्षक त्यावर टाळ्या वाजवतात हे खरे, पण जमिनीवर पडलेला बचावपटू पुढचे काही क्षण खेळाबाहेर असतो.

दुसरी सवय मान वळवण्याची आहे. चेंडू दूर असताना दर काही क्षणांनी दोन्ही खांद्यांवरून मागे पाहून आपला प्रतिस्पर्धी, आपले सहकारी आणि मोकळी जागा यांचा अंदाज घ्यावा. बचावफळी पुढे न्यायची की मागे, हे प्रतिस्पर्ध्याच्या पायातील चेंडूवर दबाव आहे की नाही यावरून ठरते. पास देणारा खेळाडू मान वर करून, कोणाचाही अडथळा नसताना पुढे पाहत असेल तर सर्वांनी मिळून मागे हटावे. चेंडू मागे दिला गेला किंवा तो खेळाडू स्वतःच्याच गोलकडे तोंड करून अडकला, की सर्वांनी मिळून पुढे सरकावे. चौघांपैकी एकाने जरी यात कुचराई केली, तरी प्रतिस्पर्ध्याला बचावफळीच्या मागे एकटा पाडून ऑफसाइड ठरवण्याची सगळी आखणी फुकट जाते. म्हणूनच बोलत राहणे हे बचावपटूचे तांत्रिक कौशल्य मानले पाहिजे. सूचना लहान, मोठ्या आवाजात आणि नाव घेऊन द्यावी.

नियमांचे पुस्तक मुळातून वाचणारे खेळाडू फारच कमी आढळतात, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते. स्पष्ट गोलसंधी हिरावून घेणाऱ्या फाउलला पेनल्टी क्षेत्राबाहेर लाल कार्ड मिळते. क्षेत्राच्या आत मात्र चेंडू खेळण्याचा प्रामाणिक प्रयत्न असेल तर, २०१६च्या बदलापासून, पेनल्टीसोबत पिवळे कार्ड दिले जाते. ओढणे, ढकलणे किंवा धरून ठेवणे यांना आतही ती सवलत नाही. त्यामुळे सामन्याच्या सुरुवातीला निसटलेल्या आघाडीपटूचा शर्ट पाठीमागून ओढण्यापेक्षा गोलरक्षकावर भरवसा ठेवून धावत राहणे बहुधा शहाणपणाचे ठरते; एका गोलने मागे पडलेला अकरा जणांचा संघ सावरू शकतो, तासाहून अधिक काळ दहा जणांनी खेळणे फार जड जाते.

नियमांनी बचावपटूच्या कामाचे स्वरूपही बदलले आहे. १९९२मध्ये सहकाऱ्याने मुद्दाम पायाने दिलेला चेंडू हाताळण्यास गोलरक्षकाला बंदी झाली आणि संकटात चेंडू मागे सरकवून मोकळे होण्याची सोय संपली. २०१९पासून गोल किकवर चेंडू पेनल्टी क्षेत्राबाहेर जाण्याची वाट न पाहता सहकाऱ्याला तो आतच घेता येतो. परिणामी आक्रमणाची पहिली जुळणी आज सेंटर बॅकच्या पायापासून सुरू होते आणि दबावाखाली चेंडू न घेता येणारा खेळाडू वरच्या स्तरावर टिकणे कठीण झाले आहे. अंग अर्धे वळवून चेंडू घेणे, तो दूरच्या पायावर थांबवणे आणि मधल्या फळीतील सहकाऱ्याला जमिनीलगत, जोरकस पास देणे यांचा सराव रोजच्या रोज हवा.

निवड चाचणी, क्लब आणि करार

निवड चाचणीत बचावपटूने काही चमकदार करून दाखवण्याच्या फंदात पडू नये. निवडकर्ते त्याची उभे राहण्याची जागा पाहतात, चूक झाल्यावर तो पुढची पाच मिनिटे कसा खेळतो हे पाहतात आणि अनोळखी सहकाऱ्यांशी तो बोलतो का, हेही पाहतात. क्लबला चित्रफीत पाठवायची असल्यास निवडक क्षणांच्या तुकड्यांसोबत एक-दोन पूर्ण सामनेही पाठवावेत, कारण बचावपटूचे उत्तम काम अनेकदा न घडलेल्या घटनांत असते आणि ते तुकड्यांत दिसत नाही. नकार आला तर तो अंतिम मानू नये. ब्राझीलच्या काफूला लहानपणी अनेक क्लबांनी नाकारले होते. पुढे १९९४, १९९८ आणि २००२ अशा सलग तीन विश्वचषकांच्या अंतिम सामन्यांत तो खेळला.

मोठ्या क्लबच्या राखीव संघात बसून राहण्याचा प्रस्ताव आणि खालच्या श्रेणीतील संघात नियमित खेळण्याचा प्रस्ताव एकाच वेळी आला, तर मी दुसरा निवडण्याचा सल्ला देईन. लोनवर (ठरावीक मुदतीसाठी दुसऱ्या क्लबकडे उसने) जाण्याचीही लाज वाटू देऊ नये. मात्र तेथील प्रशिक्षकाला आपल्या जागेसाठी खरोखरच खेळाडू हवा आहे का, त्याच जागेवर आधीच किती जण आहेत आणि संघाची खेळण्याची पद्धत कोणती आहे, हे सहीच्या आधी विचारून घ्यावे. सारा सामना स्वतःच्या पेनल्टी क्षेत्रात बचाव करणाऱ्या संघात मध्यरेषेजवळ उंच बचावफळी लावण्याची कला शिकता येत नाही.

कराराच्या बाबतीत फिफाचे काही नियम तोंडपाठ असावेत. स्थानिक कायद्यात वेगळी तरतूद नसेल तर करार जास्तीत जास्त पाच वर्षांचा असतो आणि अठरा वर्षांखालील खेळाडूसाठी तीन वर्षांचा. अठरा पूर्ण होण्याआधी दुसऱ्या देशातील क्लबमध्ये जाण्यास, मोजके अपवाद सोडले तर, मनाई आहे. तेव्हा सोळा वर्षांच्या मुलाला परदेशी क्लबमध्ये लावून देतो म्हणून पैसे मागणाऱ्या माणसाला दारातूनच परत पाठवावे. एजंटसाठी २०२३पासून फिफाची परीक्षा आणि परवाना पुन्हा लागू झाला आहे, त्यामुळे परवाना पाहिल्याशिवाय कोणालाही प्रतिनिधी नेमू नये. कराराची मुदत संपण्यास सहा महिने उरले की इतर क्लबांशी करार करण्याची मोकळीक मिळते. क्लबने दोन महिन्यांचे पगार थकवल्यास लेखी नोटीस देऊन, किमान पंधरा दिवसांची मुदत दिल्यानंतर करार मोडण्याचा हक्क खेळाडूला आहे. ती नोटीस लेखीच असावी, व्यवस्थापकाशी दूरध्वनीवर झालेल्या बोलण्याला काही किंमत नसते.

बोनसच्या कलमांत गोलांवर मिळणाऱ्या रकमेकडे पाहून भुलू नये. बचावपटूसाठी खेळलेल्या सामन्यांवर आणि एकही गोल न स्वीकारलेल्या सामन्यांवर मिळणारा बोनस अधिक उपयोगाचा असतो. संघ खालच्या श्रेणीत घसरल्यास पगार किती कापला जाणार, करार एक वर्षाने वाढवण्याचा पर्याय एकट्या क्लबच्या हाती आहे का आणि दीर्घ दुखापतीच्या काळात उपचारांचा खर्च कोण करणार, ही तीन कलमे स्वतःच्या वकिलाकडून तपासून घ्यावीत.

शरीर आणि डोके

मांडीच्या मागचा स्नायू, जांघ, घोटा आणि गुडघा ही बचावपटूच्या दुखापतीची नेहमीची ठिकाणे आहेत. फिफाने तयार केलेला ‘११ प्लस’ हा सुमारे वीस मिनिटांचा सराव दुखापती कमी करतो हे अभ्यासांतून दिसले आहे. गुडघ्यांवर बसून, घोटे धरून ठेवलेले असताना अंग सावकाश पुढे झुकवत नेण्याचा नॉर्डिक व्यायामही त्यात आहे आणि तो मांडीच्या स्नायूसाठी विशेष लाभदायक आहे. गुडघ्याचा अस्थिबंध फाटल्यास परतण्याची घाई करू नये. ऑक्टोबर २०२०मध्ये ही दुखापत झाल्यावर व्हॅन डाइक उरलेल्या संपूर्ण हंगामाला मुकला आणि पुढच्या उन्हाळ्यातील युरो स्पर्धेतूनही बाहेर राहिला. पुढील हंगामात मात्र तो नियमित खेळला आणि लिव्हरपूलने एफए चषक व लीग चषक जिंकले.

डोक्याविषयी अधिक स्पष्ट बोलले पाहिजे. ग्लासगो विद्यापीठाच्या २०१९च्या अभ्यासात स्कॉटलंडच्या माजी व्यावसायिक खेळाडूंमध्ये मेंदूच्या ऱ्हासाच्या आजारांनी होणारे मृत्यू सर्वसामान्यांच्या तुलनेत सुमारे साडेतीन पट आढळले. त्याच गटाने २०२१मध्ये खेळाच्या जागेनुसार पाहणी केली तेव्हा अशा आजारांचा धोका सर्वाधिक होता तो बचावपटूंना, सुमारे पाच पट. इंग्लंडमध्ये २०२१पासून सरावात आठवड्याला जास्तीत जास्त दहाच जोरदार हेडर (डोक्याने चेंडू मारणे) करण्याची मार्गदर्शक सूचना आहे, आणि ती अन्यत्रही पाळण्यासारखी आहे. हेडरचे तंत्र हलक्या हाताने फेकलेल्या चेंडूवर शिकता येते. डोक्याला मार लागून गरगरल्यास किंवा समोरचे अंधुक दिसल्यास लगेच मैदान सोडावे. ‘ठीक आहे’ असे सांगून खेळत राहणाऱ्या खेळाडूच्या शब्दावर कोणत्याही डॉक्टरने विसंबू नये.

तिशीनंतर

वेग कमी होऊ लागला की जागा बदलण्याची तयारी ठेवावी. सर्जिओ रामोस उजव्या कडेवरून मध्यभागी आला, माल्दिनीही उत्तरार्धात सेंटर बॅक झाला आणि २००९पर्यंत खेळला. हा बदल प्रशिक्षकाने सुचवण्याची वाट न पाहता अठ्ठाविसाव्या-एकोणतिसाव्या वर्षापासून सरावात दुसऱ्या जागेवर खेळून पाहावे. याच सुमारास शिक्षणाचाही विचार व्हावा; ज्योर्जिओ किएल्लिनीने युव्हेंटसकडून खेळत असतानाच तुरिनच्या विद्यापीठातून व्यवसाय व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी घेतली. ज्यांना प्रशिक्षक व्हायचे आहे त्यांनी परवान्याच्या खालच्या पायऱ्या खेळत असतानाच पूर्ण कराव्यात. युरोपात क, ब, अ आणि प्रो असा तो क्रम आहे, वरच्या श्रेणीत मुख्य प्रशिक्षक होण्यासाठी प्रो परवाना लागतो आणि ही चढण संपायला कित्येक वर्षे जातात. निवृत्तीनंतर पहिल्या पायरीपासून सुरुवात करणाऱ्याला हा सगळा काळ पगाराविना काढावा लागू शकतो.